मधल्या दिवसांचा बुवा

पंधरा वर्षांचा मुलगा झोपेनासा झाला, सारखा बोलत सुटला आणि रामराया आपल्याशी समोरासमोर बोलतो असं सांगू लागला, तर इतरांच्या घरी वैद्याला बोलावतात. आमच्या घरी मृदंगवाल्याला बोलावलं.

आमचं घराणं कथेकऱ्यांचं. तंजावूरचं मराठ्यांचं राज्य गेलं, राजवाड्यात कचेऱ्या आल्या, पण पश्चिम वीथीवरच्या आमच्या घरात कथा चालूच राहिली. माझे वडील, म्हणजे अप्पा, पायांत चाळ बांधून आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहत. पद मराठीत, श्लोक संस्कृतात आणि अर्थ तमिळमध्ये, कारण मराठी कळणारे लोक पहिल्या रांगेतच संपत. अशा घरात फार बोलणं हा आजार आहे असं कुणाच्या डोक्यात येणार? मुलगा मुखदुर्बळ निघाला असता तर मात्र अप्पांनी डॉक्टर गाठला असता.

बुवा म्हणजे माझा आतेभाऊ. खरं नाव सेतुमाधव, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. यजमान वारल्यावर अत्ते, म्हणजे माझी आत्या, त्याला घेऊन माहेरी आली, तेव्हा तो माझ्याएवढाच दिसायचा, पण होता वर्षानं मोठा आणि ते दिवसातून दहादा ऐकवायचा. काटकुळा, कान बाहेर आलेले, आणि आवाज मात्र अंगाच्या दुप्पट. ‘बुवा’ हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला दिलं होतं. “मोठेपणीं सगळे म्हणणारच कीं, आतांपासून सवय करून ठेवा,” असं त्याचं म्हणणं. अप्पांच्या मागं आम्ही दोघं उभे राहायचो, तो सूर धरायला आणि मी टाळ धरायला. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून हे निवांत लिहिता येतंय. तो असता तर त्यानं मला दुसऱ्या वाक्यालाच अडवलं असतं.

त्याची पहिली कथा पापनाशमला झाली, रामनवमीच्या उत्सवात. विषय सीतास्वयंवर. त्या आधी दोन-तीन दिवस बुवाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तो सगळ्यांना सांगत होता की झोप ही आळशी लोकांनी काढलेली सबब आहे. सकाळी पंचपदी, म्हणजे कथेआधीची पाच पदं, झाली आणि अप्पांचा घसा बसला. त्यांनी चिपळ्या बुवाच्या हातात दिल्या आणि खुणेनं सांगितलं, चालव.

त्यानं चालवली. विश्वामित्र, राम आणि लक्ष्मण मिथिलेच्या वेशीपर्यंत ठीक पोचले. तिथून बुवा जो जनकाच्या स्वयंपाकघरात शिरला तो बाहेरच येईना. आचाऱ्यांचं रसवांगीत खोबरं किती यावर भांडण लागलं, दोन्ही बाजू बुवानं दोन आवाजांत मांडल्या. मग एकेक राजा येऊ लागला. लंकेचा रावण अर्थातच सिलोनच्या बोटीला जोडलेल्या आगगाडीनं, बोट मेलनं आला, आणि दहा तोंडांची दहा तिकिटं काढायची की एकच, यावर त्याचा पापनाशमच्या स्टेशनमास्तरशी वाद झाला. खरा स्टेशनमास्तर तिसऱ्या रांगेत बसला होता. तो हसता हसता आडवा झाला.

लोक वेडे झाले, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणून म्हणते.

आता आमच्यात नियम असा की कथेच्या शेवटचं मंगळ म्हटल्याशिवाय कथेकऱ्यानं बसायचं नाही, साथीदारांनी उठायचं नाही आणि उत्सवाचं पान वाढायचं नाही. दुपार झाली, पानं सुकली. मृदंगवाले विद्वान पिल्लै अण्णा, अप्पांच्या वयाचे, त्यांची बोटं सुजली. ते हळूच पुटपुटले, “पोदुम, तंबी! बास कर! धनुष्य मोड!” पण ऊन उतरलं तरी धनुष्य जागच्या जागी होतं आणि बुवा सीतेच्या मैत्रिणींची नावं आणि गावं सांगत होता. शेवटी मागल्या दारातून अत्ते आली, हातात ताकाचं तपेलं, आणि तिनं उभ्या उभ्या खणखणीत आवाजात मंगळ म्हणून टाकलं. विधवेनं मंगळ म्हणायचं नसतं. पण त्या वेळी सगळ्यांनाच इतकी भूक लागली होती की कुणी शास्त्र काढलं नाही. सीतेचं लग्न राहूनच गेलं.

बुवाला शाल मिळाली. अप्पा गाडीत रडले. “चार पिढ्यांचं पुण्य उभें राहिलें,” म्हणाले. पुढचे दोन महिने आमंत्रणंच आमंत्रणं. बुवा घरी असला की पहाटे नारळाच्या झाडाशी संस्कृतात बोले, आणि अत्तेची पितळेची भांडी वाटेनं जाणाऱ्यांना देऊन टाकी. अप्पा म्हणत, दातृत्व आहे. अत्ते शेजारपाजारच्या घरी जाऊन तीच भांडी परत मागून आणी.

आषाढात तो खाली आला. एका सकाळी उठलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडला, तो महिनोन् महिने. आंघोळ नाही, जेवण नाही. अत्ते दहीभाताचा घास तोंडाशी धरून बसे. “मज जीभ नाहीं, मामा,” एवढंच एकदा बोलला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. मला तेव्हा फार भीती वाटली. बोलणाऱ्या बुवाची कधी वाटली नव्हती. घरच्यांनी निष्कर्ष काढला, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या, अंगारे आणले, एका देवळात मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, नेऊन ठेवला. कार्तिकात तो आपला आपण उठला आणि पुन्हा बोलू लागला. ज्यानं अंगारा दिला होता त्याला शाल मिळाली.

पुढच्या वर्षी परत तेच. चढला, गाजला, उतरला, पडला. घरात त्याचे दोन ऋतू धरूनच बेत ठरू लागले. अप्पा उत्सवांची आमंत्रणं घेताना विचार करून म्हणत, “श्रावणांत नको, चैत्रांत घ्या, चैत्रांत तो असतो.”

मग ओरत्तनाडु झालं. तिथं मराठ्यांच्या काळातलं छत्र आहे, पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचे. आमच्या काळात तिथं शाळेची मुलं राहत. बुवा एका सकाळी घरातून नाहीसा झाला आणि त्या छत्राच्या पायरीवर उभा राहून त्यानं चिपळ्या वाजवून जाहीर केलं की राजेसाहेबांचं अन्नदान आजपासून पुन्हा सुरू. बाजाराचा दिवस होता. लोक आले. केळीची पानं बुवानं कुणाच्या तरी बागेतून न विचारता आणली होती. पंगत बसली, लोकांनी पानांवर पाणी शिंपडून ती पुसून घेतली, आणि बुवानं वाढायला सुरुवात केली, म्हणजे नुसत्या तोंडानं. आधी मीठ, मग डांगर पचडी, मग कोशिंबीर, मग वाफाळलेला भात आणि त्यावर तूप. त्यानं ते इतकं रंगवलं की तासभर कुणी उठलं नाही. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तंबी, सांगतोयस ते बरं आहे, पण भात कुठं आहे?”

मारच पडायचा. पण पानांचा मालक पोलिसाला घेऊन आला आणि बुवानं त्या पोलिसाला तिथल्या तिथं तुपाचा मंत्री नेमलं. पोलीस समजूतदार होता. त्यानं मंत्रिपद स्वीकारलं आणि बुवाला गोड बोलून ठाण्याऐवजी तंजावूरच्या इस्पितळात आणलं.

इस्पितळात मागल्या बाजूला मनाच्या रोग्यांचा वॉर्ड होता. पोरांसाठी निराळी सोय नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोठ्यांच्याच रांगेत खाटांवर, आणि प्रत्येकाजवळ घरचं एक माणूस राहायचं. बुवाजवळ अत्ते राहिली. तिनं पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या व्हरांड्यात चूल मांडायची परवानगी मागितली आणि नाकारल्यावर मांडली.

डॉक्टर तरुण होते, तमिळ, जाड चष्म्याचे, मद्रासला शिकून आलेले. त्यांनी अप्पांना समोर बसवलं आणि विचारलं, “घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? कुणी फार बोलणारं, झोप नसलेलं? ऐपतीबाहेर वाटून टाकणारं? देवाशी आपलं थेट बोलणं आहे म्हणणारं?”

अप्पा ताठ बसले. इतकी वर्षं कुणी तरी हा प्रश्न विचारावा म्हणून ते थांबले होते असं वाटलं. मी शेजारीच होते.

“आमचे पणजोबा,” ते म्हणाले, “तळ्यांत गळ्यापर्यंत उभे राहून गात. मासे ऐकायला येत. आजोबांनी एके दिवशीं आपली गाय ब्राह्मणाला दिली. मग शेजाऱ्याची दिली. आमचे चुलते कथा सांगतां सांगतां कुंभकोणपर्यंत चालत गेले, मागून श्रोते.”

डॉक्टर लिहीत होते. “आणि कुणी महिनोन् महिने पडून राहणारं? न बोलणारं?”

“माझी आत्या,” अप्पा अभिमानानं म्हणाले. “वर्षभर भिंतीकडे तोंड करून होती. परम विरक्त!”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आपल्या घराण्याची थोरवी सांगून अप्पा प्रसन्नपणे त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटतं त्या खोलीत येऊन आपल्या कुळाच्या आजाराची यादी कीर्ती म्हणून वाचून दाखवणारा तो पहिलाच माणूस असावा.

“स्वामी,” डॉक्टर सावकाश म्हणाले, “हा एकच आजार आहे. तो चढतो आणि उतरतो. चढला की तुम्ही शाल घालता आणि उतरला की मिरच्या ओवाळता. मुलाचे मात्र दोन्हीकडून हाल होतात.”

“म्हणजे आमचें घराणेंच आजारी म्हणा कीं!”

“मी मुलाबद्दल बोलतोय,” डॉक्टर म्हणाले. पण जाता जाता त्यांनी अप्पांना झोप कशी लागते तेही विचारून घेतलं.

वॉर्डात बुवाचा दरबार भरला. सुईच्या नर्सबाईंना त्यानं शूर्पणखा नाव दिलं. त्यांना रामायण पाठ होतं, त्यांनी सुई जरा जोरात दिली. गोळ्या घेतल्या की तोंड कोरडं पडे, बोटं थरथरत, आणि बोलणं शब्दाशब्दाला अडखळे. “डॉक्टरांनीं माझ्या जिभेला बैलगाडी जोडली,” तो म्हणायचा. काही आठवड्यांनी ते चढणं ओसरलं आणि मग नेहमीसारखा तो खोल गेला. त्या वेळी विजेचे झटके दिले. त्याबद्दल मला थट्टा करता येत नाही. अत्ते बाहेर व्हरांड्यात पदराचा बोळा तोंडात धरून बसायची, आणि तो बाहेर आणला की त्याला आपण कुठं आहोत तेही कळायचं नाही. पण जेवू लागला. माझ्याकडे बघू लागला.

त्याच्या पाठांतराला मात्र भोकं पडली. पदं अर्धी, श्लोक पाऊण. एकदा मला म्हणाला, “अंबे, रामास भाऊ किती गं?” मला कळेना, थट्टा करतोय की खरंच विचारतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर त्यालाही ते कळत नव्हतं. मी म्हटलं, तीन. “बरें झालें,” म्हणाला, “मज वाटलें मीं एक-दोन वाटून टाकले.”

त्याच दिवसांत त्यानं मला ती गोष्ट सांगितली. खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसला होता. म्हणाला, “चढलों कीं कथा संपत नाहीं. उतरलों कीं सुरू होत नाहीं. मज मधला दिवस पाहिजे, अंबे. एक कथा तरी शेवटपर्यंत सांगून, मींच मंगळ म्हणून खालीं बसायचें आहे.” बस, एवढंच त्याला हवं होतं. राज्य नको, शाल नको. सतरा वर्षांच्या मुलानं याहून कमी काय मागावं?

आणि नेमकं तेवढंच आमच्या घराला नको होतं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दिवेलागणीनंतर झोपायचं. वर्षभरानं त्यांनी कथेलाही हो म्हटलं, पण छोटी, आणि पोटभर झोप झाली असेल तरच. पुढल्या रामनवमीला पापनाशमहून परत बोलावणं आलं. त्यांना अर्थातच तो बोट मेलवाला बुवा हवा होता. अप्पांनाही तोच हवा होता. उत्सव चार-पाच दिवसांवर आला तेव्हा गोळ्यांची बाटली कोनाड्यातून उठून देवघरात, शाळिग्रामाच्या मागं गेली.

अत्तेनं ती शोधली, कारण देव तीच घासायची. अप्पा वरमले, पण हटले नाहीत. “थोडेंसें चढूं दे कीं,” म्हणाले. “फार नको. पापनाशमपुरतें.”

बुवा ओसरीवर बसून ऐकत होता. “मामा,” म्हणाला, “तें शेवग्याचें झाड आहे काय, शेंगा काढायपुरतें चढून उतरायला?” आणि अत्तेच्या हातातून बाटली घेऊन त्यानं अप्पांच्या देखत गोळी घेतली. वर म्हणाला, “तुमचा तो बुवा मजहून बरा गातो हें खरें. पण तो मज घरीं परत आणून सोडत नाहीं.”

अप्पा उठून देवघरात गेले आणि सरकलेला शाळिग्राम जागेवर बसवू लागले.

पापनाशमची ती कथा वाईट झाली. खोटं कशाला बोलू? जीभ जड, हात कापत, चिपळ्या तालाच्या मागं. दोनदा पद विसरला, मी मागून टाळाच्या आडून ओळ पुरवली. जनकाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर श्रोते सरसावून बसले. बुवाही थबकला. आत शिरावंसं त्याला वाटलं ते मला त्याच्या पाठीवरून कळलं. मग तो सरळ पुढं गेला, मंडपाकडे. तिथं लोक उठू लागले. स्टेशनमास्तर गेला. “पोरगा बिघडला,” कुणी तरी ऐकू येईल असं म्हणालं. पण रामानं धनुष्य उचललं, मोडलं, सीतेनं माळ घातली, आणि बुवानं दम घेत, एकेक ओळ आठवत मंगळ म्हटलं. आणि बसला. चिपळ्या खाली ठेवल्या आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. “संपली गं,” म्हणाला मला. डोळे भरले होते.

पिल्लै अण्णांनी मृदंगावर गवसणी घातली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “आज भात गरम मिळणार,” म्हणाले. इतकी वर्षं त्याच्या साथीला बसून त्यांनी केलेली ती पहिली स्तुती.

परतताना अप्पा गाडीत खिडकीबाहेर बघत होते. तंजावूर यायच्या आधी एकच शब्द बोलले, “सपाट.” बुवानं तो ऐकला नाही. तो अत्तेच्या खांद्यावर झोपला होता.

आमंत्रणं थांबली. बुवा एका वाण्याच्या दुकानात माल लावायला जाऊ लागला. आठवड्यातून एकदा तो इस्पितळात जायचा, आणि डॉक्टरांनी त्याला वॉर्डात छोटी कथा सांगायला सांगितलं होतं. तिथं त्याच्याच वयाची, तेव्हाच्या त्याच्यासारखीच भडभडून बोलणारी एक मुलगी होती, पापनाशमकडची. ती त्याला ओळीओळीला अडवी, रामाच्या जागी स्वतः जाऊन धनुष्य मोडी. बुवा हात जोडून थांबायचा. “बोला ताई, तुमचें होऊं दे. मग माझें. पण लग्न आज लावायचेंच.” तिच्या आईला मी त्या वेळी हसताना पाहिलं. त्या वॉर्डात कुणाची आई हसणं ही साधी गोष्ट नव्हती.

आजार गेला नाही. मधूनमधून चढायचा, उतरायचा, पण आता येताना त्याला पावलं ऐकू येत. सकाळी उठून तो स्वतःची तपासणी करी, जशी अत्ते दुधाची करायची, नासलं की नाही.

आमच्यात मामाची मुलगी करतात. अत्तेच्या मनात मी होते, आणि माझ्या मनात तो होता, हे आता या वयात लिहायला लाजायचं कारण नाही. अप्पांनी एकदा विषय काढला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बुवा म्हणाला, “नको, मामा. एका मुलीस दोन नवरे काय म्हणून? एक चढलेला, एक उतरलेला. मधला घरीं असतो कितीसा?” सगळे हसले. मी मागल्या अंगणात जाऊन विहिरीवर उगाच चार घागरी पाणी ओढलं. त्याच्यावर मी पुष्कळ दिवस रागावले होते, आणि तो मला हसवायला आला की उठून जात होते. तरी तो येतच राहिला.

मग मला स्थळ आलं. मुलगा आमच्यातलाच, पण वडील रेल्वेच्या नोकरीपायी पुण्याला जाऊन राहिलेले. घरात ठरलं की बुवाच्या दुखण्याचं त्यांच्या कानावर घालायचं नाही. अप्पा, ज्यांनी डॉक्टरांपुढं चार पिढ्या उलगडल्या होत्या, तेच आता घराण्यात साधी सर्दीही कुणाला झाली नाही असं सांगत होते. युक्ती बुवानंच सुचवली. “मज विचारलें तर मद्रासला नोकरीस आहे म्हणा. मोठ्या दुकानांत. लटकेंच सांगायचें तर दुकान लहान कशास?”

लग्नाला आठवडा उरला होता. मांडव पडला होता, अत्ते लाडू वळत होती. बुवा न्हाऊन, कपाळाला गंध लावून ओसरीवर आला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती. मला म्हणाला, “अंबे, तुझ्या लग्नांत मींच कथा करणार. असें सुचतें आहे मज, असें सुचतें आहे!” अप्पांचं तोंड उजळलं. मला धस्स झालं. बुवा माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हळूहळू त्याचं हसू उतरलं. तो चपला घालून निघाला. मी विचारलं, कुठं? म्हणाला, “मद्रासला.”

इस्पितळात जाऊन तो डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहिला. ते मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणाला, “डॉक्टर, मला फार छान वाटायला लागलंय. मला आत घ्या.”

लग्न व्यवस्थित झालं. कुणी गाय वाटली नाही, वेळेवर अक्षता पडल्या, पंगती वेळेवर बसल्या. पुण्याचे लोक म्हणाले, किती शांत घराणं. मी माळ घालून बसले होते आणि मला सगळं बेचव लागत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टांग्यानं स्टेशनला निघालो. सामान आणि मंडळी मागल्या टांग्यात. इस्पितळ वाटेवर नव्हतं, पण मी टांगेवाल्याला तिकडं वळायला सांगितलं. नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचीही अजून सवय झाली नव्हती. ह्यांनी विचारलं, “इथं कोण आहे?”

“माझा आतेभाऊ,” मी म्हटलं. “वेड्यांच्या वॉर्डात आहे. तुम्हांस सांगितलें तें लटकें होतें. आमच्यांत हें चार पिढ्यांपासून आहे, पाहिजे तर माझे अप्पा तुम्हांस नांवानिशीं सांगतील. मी त्यास भेटल्यावांचून येत नाहीं.”

हे बराच वेळ घोड्याच्या कानांकडे पाहत राहिले. माझं सगळं आयुष्य त्या घोड्याच्या कानांवर टांगलेलं होतं. मग खाली उतरले. “मी आलेलं चालेल का त्याला?” म्हणाले.

बुवा खाटेवर उशीला टेकून बसला होता. ओठ सुकलेले, पापण्या सुईनं जड झालेल्या. माझ्या शालूकडे, मग ह्यांच्याकडे त्यानं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाला, “मी मद्रासला आहें.”

“मी सांगितलें ह्यांस सगळें,” मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग डोळे न उघडताच ह्यांना म्हणाला, “तर मग बसा.” हे खाटेच्या काठावर बसले. बुवानं त्यांना पुण्याचं विचारलं, पाणी कसं, भाजी काय मिळते, मराठी बोलतात ती कळते का. आणि गंमत म्हणजे ऐकत राहिला. हे बोलत होते आणि बुवा ऐकत होता.

लग्नात पाठवणीच्या वेळी मी रडले नव्हते, अत्तेला त्याचं फार लागलं होतं. तिथं रडले. सगळा वॉर्ड बघत होता. “पोदुम गं,” बुवा पुटपुटला. “शालू नेसून रडतेस, लोकांस वाटेल नवी भरती आली.”

मी पाया पडले. म्हटलं, “जाऊन येतें.”

“ये,” म्हणाला. “मी बरा आहें असें कुणी सांगितलें तर तिकडेच राहा. पण मी फार छान आहें असें कुणी सांगितलें, तर पहिल्या गाडीनें ये.” पुढं आणखी काही तरी म्हणायचं होतं त्याला. ओठ हलले. पण त्यानं ते सोडून दिलं, उशी नीट केली, कुशीवर वळला, आणि तोंड भिंतीकडे नाही, आमच्याकडे ठेवून झोपी गेला.

ह्यांनी घड्याळ पाहिलं. “निघायला हवं, गाडी चुकेल,” म्हणाले.

“चुकूं दे,” मी म्हटलं. “मज थोडा वेळ त्यास झोपलेला बघूं दे.”